मोक्ष : बारा वाजून सहा मिनिटे

वर्षअखेरच्या रात्री गच्चीवर जमलेल्या मंडळींचं लक्ष सहसा घड्याळाकडे असतं. ३१ डिसेंबर २०२८ च्या रविवारी ते चंद्राकडे ठेवावं. त्या संध्याकाळी चंद्र सबंध गोल उगवेल. जेवणं होईतो त्याची कड कुरतडल्यासारखी दिसू लागेल, पावणेदहाच्या सुमारास तो तांबडा होईल आणि पुन्हा पूर्ण पांढरा व्हायला बारा वाजून सहा मिनिटं होतील. म्हणजे ग्रहण लागणार २०२८ मध्ये आणि सुटणार २०२९ मध्ये.

खग्रास चंद्रग्रहणांच्या बाबतीत महाराष्ट्राचं नशीब अलीकडे फारसं बरं नाही. २७ जुलै २०१८ चं ग्रहण एकविसाव्या शतकातलं सर्वांत लांब, खग्रास अवस्था तब्बल १०३ मिनिटांची. पण ते आलं गुरुपौर्णिमेला, ऐन पावसाळ्यात. ७ सप्टेंबर २०२५ चं आलं अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, तेव्हाही आभाळाचा भरवसा नव्हताच. ३ मार्च २०२६ च्या ग्रहणाची खग्रास अवस्था आपल्याकडे चंद्र उगवण्याआधीच संपणारी. त्यानंतर जगात कुठेही दिसणारं पहिलं खग्रास चंद्रग्रहण म्हणजे हे वर्षअखेरचं. या वेळी दिवस थंडीचे आहेत, वेळ झोपेची नाही आणि चंद्र पूर्वेला चांगला वर आलेला असेल. गजर लावायला नको, दुर्बीण नसली तरी चालेल, शहराबाहेर जाण्याचीही गरज नाही.

रात्रीचं वेळापत्रक समजून घ्यायला पंचांगातले पाच शब्द पुरतात : स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष. दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर ते आपण वाचतो आणि पान उलटतो. खरं तर प्रत्येक शब्द छायेच्या भूमितीतला एकेक क्षण सांगतो.

स्पर्श सुमारे ८ वाजून ३७ मिनिटांनी. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेला निमुळती होत जवळजवळ चौदा लाख किलोमीटर पसरलेली असते. चंद्राच्या अंतरावर तिची रुंदी साधारण नऊ हजार किलोमीटर उरते, म्हणजे चंद्राच्या अडीचपटीहून थोडी जास्त. चंद्र आपल्या कक्षेत पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो, त्यामुळे त्याची पूर्वेची कड आधी सावलीत शिरते. त्या वेळी चंद्र पूर्व आकाशात असल्याने ही कड आपल्याला खालच्या बाजूला, किंचित उजवीकडे दिसेल. सावलीची रेषा सरळ नसते, वाकडी असते, आणि चंद्र कुठेही असो, तिचा बाक नेहमी वर्तुळाचाच. कुठूनही पाहिलं तरी गोल सावली टाकणारी वस्तू गोलच असणार, असा निष्कर्ष ॲरिस्टॉटलने त्यावरून काढला होता. ग्रहणं पृथ्वीच्या आणि चंद्राच्या छायेमुळे होतात, हे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास स्पष्ट लिहिलं. राहू-केतूही ज्योतिर्गणितात राक्षस नाहीतच. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला साधारण पाच अंशांनी कललेली आहे. हे दोन मार्ग जिथे एकमेकांना छेदतात, ते दोन पातबिंदू म्हणजे राहू आणि केतू. पौर्णिमेचा चंद्र यांच्यापैकी एकाजवळ असेल तरच सावलीत सापडतो, नाहीतर तिच्या वरून किंवा खालून निघून जातो. दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही ते त्यामुळे.

संमीलन सुमारे ९ वाजून ४६ मिनिटांनी. म्हणजे स्पर्शापासून चंद्र पूर्ण बुडायला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. चंद्राचा वेग सेकंदाला साधारण एक किलोमीटर आणि व्यास सुमारे ३,४७५ किलोमीटर. त्यात या वेळी तो सावलीत तिरका शिरतो आहे. भागाकार करून पाहिला तर पंचांगकर्त्याचा हिशेब आपल्यालाही जमतो. संमीलनाच्या आधीची दोन-चार मिनिटं डोळे चंद्रावरून काढू नयेत. उरलेल्या उजळ कडेलगत कधी कधी फिकट निळसर पट्टा दिसतो. तो आपल्या ओझोन थराचा. त्या थरातून तिरपा जाणारा सूर्यप्रकाश थोडा तांबडेपणा गमावतो आणि निळसर होऊन चंद्रावर पोचतो.

त्यानंतरची सव्वा तासाला थोडी कमी अशी वेळ खग्रास अवस्थेची, मध्य १० वाजून २२ मिनिटांनी. सावलीत पूर्ण गेलेला चंद्र नाहीसा का होत नाही? पृथ्वीला वातावरण नसतं तर झाला असता. पृथ्वीच्या कडेने जाणारे सूर्यकिरण हवेत वळतात आणि सावलीच्या आत शिरतात. वाटेत निळा प्रकाश इतस्ततः विखुरतो आणि तांबडा पुढे जातो. कार्तिकातल्या संध्याकाळी क्षितिजावर जो रंग आपण पाहतो, तोच पृथ्वीला वळसा घालून चंद्रावर पडतो. तेव्हा चंद्रावर कोणी उभं असेल, तर त्याला काळ्या पृथ्वीभोवती तांबडी कडा दिसेल आणि पायाखालची जमीन भराभर थंड होत जाईल. तिथे ऊब धरून ठेवायला हवा नाही. ग्रहणात पृष्ठभागाचं तापमान शंभराहून जास्त अंशांनी घसरतं.

या वेळी चंद्र सावलीच्या केंद्राच्या उत्तरेकडून जातो आहे. म्हणून पूर्वेकडे तोंड करून पाहणाऱ्याला त्याची डावी बाजू जरा उजळ आणि उजवी जास्त काळवंडलेली दिसेल. आजूबाजूलाही नजर टाकावी. पौर्णिमेच्या लखलखाटात बुजलेल्या चांदण्या परत येतील : डोक्यावर रोहिणी, आग्नेयेला मृग आणि त्याखाली व्याध, चंद्राच्या डाव्या अंगाला खाली पुनर्वसूचे दोन तारे. पौर्णिमा आणि तारकांनी भरलेलं आकाश एकाच वेळी पाहायला मिळतं ते अशाच तासाभरात.

आता कामाची गोष्ट. खग्रास चंद्राचा रंग दर वेळी सारखा नसतो आणि तो आधी नेमका सांगता येत नाही. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजाँ यांनी १९२१ साली त्यासाठी शून्य ते चार अशी मोजपट्टी सुचवली. चंद्र जवळजवळ दिसेनासा झाला तर शून्य, काळपट राखाडी किंवा तपकिरी असला तर एक, गंजासारखा गडद तांबडा असला तर दोन, विटकरी आणि कडेला पिवळसर असला तर तीन, तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखा लखलखीत नारिंगी असला तर चार. हा अंक खरं तर चंद्राला नव्हे, आपल्या हवेला मिळतो. फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी जून १९९१ मध्ये फुटला आणि त्याची सूक्ष्म धूळ वातावरणाच्या वरच्या थरांत पसरून राहिली. पुढच्या वर्षी डिसेंबरातल्या ग्रहणात चंद्र इतका काळा पडला की अनेकांना तो शोधावा लागला. नुसत्या डोळ्यांनी, एकही उपकरण न वापरता साऱ्या पृथ्वीच्या हवेची तब्येत पाहण्याची संधी अशी क्वचितच मिळते.

उन्मीलन १० वाजून ५८ मिनिटांनी. तिथून चंद्र हळूहळू उजळत जाईल आणि मध्यरात्री तो महाराष्ट्रात आणि गोव्यात जवळजवळ डोक्यावर आलेला असेल. सबंध रात्रीत ग्रहणाला खरा अडथळा होईल तो फटाक्यांच्या धुराचा. चंद्रग्रहणाच्या वेळा सगळीकडे एकाच क्षणी येतात, बदलतं ते फक्त तिथलं घड्याळ. म्हणून सिंगापूरच्या मराठी कुटुंबांना संमीलन दिसेल ते १ जानेवारीला, रात्री सव्वाबाराच्या सुमारास. आपल्याकडे खग्रास ग्रहण जुन्या वर्षात असेल, त्यांच्याकडे नव्या.

तारखेचंही एक गणित आहे. ३१ डिसेंबर २००९ च्या रात्रीही चंद्रग्रहण होतं, भारतात ते बारानंतर दिसलं. मात्र चंद्राची फक्त बारीकशी कड झाकली गेली होती. मध्ये बरोबर एकोणीस वर्षं. चंद्राचे २३५ महिने आणि सूर्याची १९ वर्षं यांत फरक उरतो तो जेमतेम दोन तासांचा, म्हणून पौर्णिमा एकोणीस वर्षांनी त्याच तारखेपाशी परत येते. दोन्ही वेळा ती डिसेंबरातली दुसरी पौर्णिमा. इंग्रजीत अशा चंद्राला निळा म्हणतात, आणि हा तर तांबडा होणार आहे.

मध्याच्या वेळी डोळ्यांना जो रंग दिसेल, त्याचा शून्य ते चारमधला अंक जुन्या डायरीच्या शेवटच्या पानावर लिहावा. मोक्षाची वेळ लिहायला मात्र नवी डायरी उघडावी लागेल.