बाळ दचकतंय की आणखी काही?

आपल्या मंडळाच्या अंकात सणवार, पाककृती, स्नेहसंमेलनाचे फोटो असं बरंच काही येतं. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. ज्यांच्या घरी पाळणा हलतोय किंवा लवकरच हलणार आहे, त्यांनी हा लेख वाचावा आणि घरातल्या आजी-आजोबांनाही वाचून दाखवावा. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण इथं नवागामात माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी गेल्या दोन वर्षांत जे पाहिलं, ते प्रत्येक आई-बाबांना माहीत असायला हवं असं वाटतं.

माझा भाचा तेव्हा सहा महिन्यांचा होता. झोपेतून उठला की त्याची मान झटकन पुढे झुकायची, दोन्ही हात बाजूला फाकायचे आणि एक-दोन सेकंदांत तो पुन्हा सैल व्हायचा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. असं ओळीने दहा-बारा वेळा. कुणी म्हणालं पोटात गॅस झालाय, कुणी म्हणालं दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. "बघा, कसा नमस्कार करतोय," असं कौतुकही झालं. एका दवाखान्यातून पोटदुखीचे थेंब मिळाले.

बहिणीचं मात्र समाधान होईना. ती मला म्हणाली, "दादा, हे दचकणं नाही रे. दचकायला आवाज लागतो. इथं आवाजच नसतो." आणि मग हळू आवाजात, "आधी हाक मारली की हसायचा. आता बघतसुद्धा नाही."

अडचण अशी की डॉक्टरांसमोर बाळ शांत असायचं. आमच्या कामात प्रोग्रॅममधली चूक दाखवायची तर ती समोर घडवून दाखवावी लागते, नाहीतर नीट नोंद तरी द्यावी लागते. आम्ही तेच केलं. चार दिवस मोबाइलवर व्हिडिओ घेतले आणि वहीत वेळ, झटक्यांची संख्या, झोपेतून उठल्यावर की दूध पिताना, हे लिहून ठेवलं. लहान मुलांच्या मेंदूविकार तज्ज्ञांनी दुसरा व्हिडिओ पूर्ण व्हायच्या आतच ईईजी लिहून दिला. निदान झालं, इन्फंटाइल स्पॅझम्स. याचंच दुसरं नाव वेस्ट सिंड्रोम.

हे नाव कुठून आलं ते वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो. विल्यम जेम्स वेस्ट हे इंग्लंडमधले डॉक्टर. १८४१ मध्ये त्यांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं, ते स्वतःच्या मुलाबद्दल. चार महिन्यांचा असल्यापासून बाळाची मान पुढे झुकत होती आणि झटके वाढत चालले होते. जळवा लावल्या, गरम पाण्याने अंघोळी घातल्या, अफूही देऊन पाहिली. कशाचाच उपयोग झाला नाही. कुणाला याबद्दल काही माहीत असेल तर सांगा, अशी त्या बापाची विनंती होती. या झटक्यांना तेव्हा 'सलाम' असंही म्हटलं गेलं. आपल्याकडे नमस्कार दिसतो, तिकडे सलाम दिसला!

हा आजार बहुतेकदा तीन ते बारा महिन्यांच्या वयात सुरू होतो. काही हजार बाळांमध्ये एखाद्यालाच होतो. जन्मताना प्राणवायू कमी पडणं, पहिल्या दिवसांत रक्तातली साखर फार उतरणं, मेंदूची जन्मजात रचना, जनुकीय दोष अशी कारणं असतात. कधी कारण सापडतही नाही. म्हणूनच बाळाला जन्मल्यावर लवकर आईचं दूध मिळणं महत्त्वाचं. ईईजीत मेंदूच्या लहरी उंच-सखल, बेशिस्त दिसतात. ही तपासणी दुखत नाही. ती झोपेतही घ्यावी लागते.

प्रत्येक झटका म्हणजे हा आजार नव्हे, हेही तितकंच खरं. मोठ्या आवाजाने हात पसरून दचकणं लहान बाळात नैसर्गिक असतं आणि साधारण सहा महिन्यांपर्यंत ते जातं. काही बाळांचे हातपाय फक्त झोपेत उडतात आणि जाग आली की थांबतात. तेही बहुधा निरुपद्रवी असतं. नुसती थरथर हात हलकेच धरला की थांबते. पण झटके एकामागून एक ओळीने येत असतील, विशेषतः झोपेतून उठताना, आणि बाळाचं हसणं, बघणं, मान धरणं मागे पडत असेल, तर 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू नका. उपचार जितके लवकर तितकं बरं.

औषधं आहेत. एसीटीएचची इंजेक्शनं, तोंडावाटे स्टेरॉइड किंवा व्हिगाबॅट्रिन. स्टेरॉइडने रक्तदाब वाढू शकतो, जंतुसंसर्गाची भीती असते. व्हिगाबॅट्रिनमुळे नजरेवर परिणाम होऊ शकतो. म्हणून ही औषधं तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची आणि मनाने बंद करायची नाहीत.

व्हिडिओ घेताना पांघरूण काढा, उजेड असू द्या, चेहरा आणि पूर्ण अंग दिसू द्या. झटक्यांची सगळी मालिका टिपा. मोठी आकडी आली तर बाळाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. सुरतेत नवीन सिव्हिल आणि स्मीमेर या सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांत बालरोग विभाग आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची मोफत तपासणी होते. त्याची चौकशी अंगणवाडीत करता येते.

भाच्याचे झटके औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात थांबले. आज तो अडीच वर्षांचा आहे. चालायला उशिरा लागला, बोलणं अजून मोजक्या शब्दांचं आहे, आठवड्यातून तीनदा थेरपी चालू आहे. पुढे किती सुधारेल हे डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत आणि बहीणही आता विचारत नाही. पण आपल्या वस्तीत कुणाच्या बाळाबद्दल असं काही कानावर आलं, की ती पोळ्या तव्यावर सोडून तिथं जाते आणि पहिला प्रश्न विचारते, "व्हिडिओ काढलाय का?"