घाटाच्या पायथ्याशीं कार्बोरेटर

सावित्रीच्या खोऱ्यांत, आंबेनळीच्या घाटाच्या पायथ्याकडे, पोलादपूर तालुक्यांत कापडे नांवाचें गांव आहे. इंग्रजी अमदानींत या घाटास फिट्झजेराल्ड या गव्हर्नराचें नांव दिलें होतें. लोकांच्या तोंडीं आंबेनळीच राहिली. पोलादपूर ते महाबळेश्वर हें अंतर सुमारें ४० किलोमीटर; पण तेवढ्यांत रस्ता खोऱ्याच्या तळापासून ४,५०० फुटांच्या उंचीवर जातो. बैलास, लॉरीस आणि पायीं चालणाऱ्या माणसास हा चढ कळतो. मोटारसायकलच्या ज्या लहानशा भागास तो मुळींच कळत नाहीं, त्या भागाविषयीं, म्हणजे कार्बोरेटरविषयीं, आज आपणांशीं बोलावयाचें आहे.

श्रोतेहो, पुष्कळ घरांत वडिलांची किंवा आजोबांची बुलेट अजून उभी आहे. १९५५ सालीं मद्रास येथें या गाडीची बांधणी सुरू झाली, आणि ३५० च्या इंजिनाचें माप, म्हणजे ७० मिलिमीटर व्यासाचें सिलिंडर आणि ९० मिलिमीटरांचा पिस्टनचा पल्ला, पुढें पन्नासांहून अधिक वर्षें तसेंच राहिलें. असली गाडी नातवाच्या हातीं आली म्हणजे तो तिला मूळ रूपांत क्वचितच राहूं देतो. जुना सायलेन्सर काढून आरपार नळीचा बसवितो, हवेची पेटी काढून उघडी गाळणी लावतो. कोणी मोठ्या तोंडाचा कार्बोरेटरहि आणतो. आवाज भारदस्त होतो. पण त्या आवाजाखालीं इंजिन उपाशी आहे कीं त्यास अजीर्ण झालें आहे, हें पाहण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं.

डांस मारण्याचें औषध फवारण्याचा हातपंप पूर्वीं घरोघर असे. दांडा पुढें लोटला कीं हवेचा झोत एका बारीक नळीच्या तोंडावरून जाई, आणि डब्यांतलें औषध त्या नळींतून आपोआप वर चढून धुक्यासारखें उडे. कार्बोरेटर म्हणजे तोच पंप होय. फरक इतकाच कीं येथें हवा कोणी लोटीत नाहीं. पिस्टन खालीं जातांना ती ओढून घेतो. हवेची वाट मध्यें अरुंद केलेली असते. तेथें हवा वेगानें धावते, तिचा दाब उतरतो, आणि खालच्या वाटींतलें पेट्रोल ठराविक भोंकाच्या जेटमधून वर ओढलें जातें. वाटींतली पातळी फ्लोट कायम राखतो.

शुद्ध पेट्रोल पुरतें जळण्यास दर ग्रॅमामागें सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा याहून जास्त झाली तर मिश्रण विरळ, पेट्रोल जास्त झालें तर दाट. दाट मिश्रणानें गाडी जड चालते, धूर काळा येतो, प्लगवर काजळी धरते आणि पैसे वायां जातात. विरळ मिश्रणाचें दुखणें अधिक वाईट, कारण तें प्रारंभीं दुखतच नाहीं. गाडी हलकी, कधीं कधीं चपळहि वाटते. पिस्टन मात्र तापत जातो. थ्रॉटल पूर्ण उघडलें असतां इंजिनास थोडें दाट मिश्रणच हवें असतें, कारण जास्तीचें पेट्रोल वाफ होतांना उष्णता शोषून घेतें.

आतां हवेची पेटी काढल्यानें काय होतें तें पाहूं. त्या पेटीच्या अडथळ्यामुळें कार्बोरेटरच्या तोंडाशीं थोडी ओढ आधींच असते, आणि कारखान्यानें जेटचें भोंक ती ओढ जमेस धरून ठरविलेलें असतें. पेटी गेली कीं ती ओढहि गेली. हवा मोकळेपणानें आंत येते, पेट्रोल त्या मानानें कमी येतें. म्हणून गाडीचें श्वासोच्छ्वासाचें मार्ग मोकळे केल्यावर जेट मोठें करावें लागतें. हें न करतां नुसता सायलेन्सर बदलणारे लोक पुढें पिस्टनास दोष देतात.

हा धडा माझ्या स्वतःच्या गाडीवर मला महाग पडला. उघडी गाळणी बसवून मुख्य जेट मीं दोन अंकांनीं मोठें केलें होतें, आणि खालीं खोऱ्यांत गाडी उत्तम चालत होती. महाबळेश्वरास पोहोंचतांना ती जडावली. चढावर गुडगुडूं लागली. वर प्लग काढून पाहिला तों काळा. मीं ताबडतोब लहान जेट बसविलें, आणि गाडी अशी पळूं लागली कीं मला माझ्याच हुषारीचें कौतुक वाटलें. संध्याकाळीं घाट उतरून खालीं आलों, पुन्हां प्लग पाहिला. तो अजूनहि काळसर. तेव्हां निर्णय बरोबरच होता, अशी माझी खात्री झाली.

दुसऱ्या दिवशीं पहाटे थंडींत पत्नीस मागें बसवून, सामान बांधून, पुन्हां घाट चढूं लागलों. थ्रॉटल पूर्ण उघडें. कांहीं वळणें गेल्यावर इंजिनांतून टिणटिण असा बारीक आवाज येऊं लागला. मग कोणी ब्रेक लावावा तशी गाडी ओढली गेली आणि मागचें चाक क्षणभर अडकलें. क्लच दाबण्याचें भान राहिलें म्हणून आम्ही रस्त्यावर राहिलों. एका अंगास दरी होती. इंजिन उघडलें तेव्हां पिस्टनवर उभे ओरखडे होते. सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन घालावा लागला.

माझी चूक एक नव्हती, दोन होत्या.

पहिली चूक हवेविषयींची. कार्बोरेटर हवेचा आकार आणि वेग मोजतो. वजन मोजीत नाहीं. महाबळेश्वराच्या उंचीवर हवा समुद्रकांठच्या मानानें सुमारें १२ ते १३ टक्के हलकी असते. इंजिन तितकाच आकार ओढतें, पण त्यांत हवेचें वजन तितकें कमी भरतें. पेट्रोल मात्र त्याच प्रमाणांत कमी होत नाहीं. हवा हलकी झाली कीं जेटवरची ओढ १२-१३ टक्क्यांनीं कमी होते हें खरें. परंतु भोंकांतून येणारा प्रवाह ओढीच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत बदलतो, म्हणून पेट्रोल सहा-सात टक्केच घटतें. राहिलेला सहा-सात टक्क्यांचा फरक म्हणजे वरची दाटी. ती घाटाच्या माथ्याची होती, गाडीची नव्हती. मीं वरच्या हवेस जुळणारें जेट बसविलें, आणि खालच्या जड हवेंत, पूर्ण भारावर, तेंच वापरलें.

दुसरी चूक प्लगविषयींची. घाट उतरतांना थ्रॉटल बहुधा बंद असतें. त्या वेळीं मुख्य जेटमधून कांहीं येतच नाहीं. सारा कारभार मंद चालीच्या लहान जेटकडे असतो. उताराच्या शेवटीं प्लगवर जें दिसतें, ती त्या लहान जेटची साक्ष. ती मीं मुख्य जेटच्या नांवावर लिहिली.

तेव्हां ज्यांचा नित्याचा रस्ता खोऱ्यांतून घाटावर जातो त्यांनीं कार्बोरेटर पायथ्याशीं लावावा, माथ्यावर नव्हे. आणि तोहि डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या, थंड सकाळीं, कारण वर्षांतली सर्वांत जड हवा तीच. पावसाळ्यांत हवेंतली वाफच तीन-चार टक्के जागा अडवून बसते, म्हणजे मिश्रण आपोआप थोडें दाट होतें. सर्वांत विरळ ठिकाणीं जें पुरेल तें इतरत्र पुरतेंच. माथ्यावर गाडी थोडी जड चालली तर नुकसान थोड्या पेट्रोलाचें. पायथ्याशीं विरळ चालली तर काय होतें तें वर सांगितलेंच आहे.

येथें एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. आपल्या देशांत पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण वाढत वाढत २०२५ सालीं २० टक्क्यांपर्यंत आलें. इथेनॉल जळण्यास त्याच्या नऊपट वजनाचीच हवा पुरते. अर्थात् या मिश्र इंधनास हवा कमी लागते. जेटचें भोंक जुनेंच राहिलें तर मिश्रण सुमारें सात-आठ टक्के विरळ पडतें. गंमत अशी कीं घाटाच्या माथ्यावरची दाटी आणि या इंधनाची विरळता एकमेकींस जवळजवळ फेडतात. म्हणून तीस वर्षांपूर्वीं लावलेली गाडी आज महाबळेश्वरांत ठीक चालते आणि कापड्यांत उपाशी राहते. नव्या गाड्यांत इंधन यंत्राच्या हिशेबानें फवारलें जातें आणि तें यंत्र हा फरक स्वतः भरून काढतें. कार्बोरेटरास तो आपण भरून द्यावा लागतो.

प्रत्यक्ष कामास लागण्यापूर्वीं टॅपेट, इग्निशनचें टायमिंग आणि वाटींतली पेट्रोलची पातळी तपासून घ्यावी. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या सांध्यांतून हवा शिरत असेल तर पुढचें सारें व्यर्थ. जुन्या कार्बोरेटरांत आणखी एक दोष असतो: वर्षानुवर्षें वरखालीं होऊन स्लाइड झिजते आणि तिच्या कडेनें हवा गळते, म्हणून मंद चाल विरळ राहते, तर सुई ज्या जेटांत हालते त्याचें भोंक घांसून मोठें होतें, म्हणून मधली चाल दाट होते. स्क्रू फिरवून हे रोग जात नाहींत. झिजलेला भाग बदलावा.

मग मुख्य जेटपासून आरंभ करावा. पुष्कळ मिस्त्री मंद चाल आधीं लावतात, कारण ती कानास लगेच गोड लागते. माझ्या मतें हा क्रम उलटा आहे. पूर्ण थ्रॉटलवर पिस्टन वांचवितें तें मुख्य जेट. इंजिन चांगलें तापवून, रहदारी नसलेल्या सरळ, सौम्य चढावर तिसऱ्या गिअरमध्यें थ्रॉटल पूर्ण उघडावें. वेग फार होत नाहीं, भार मात्र पुरा येतो. थ्रॉटल किंचित् मिटतांच गाडी अधिक जोरानें ओढूं लागली, किंवा चोक थोडा लावल्यानें सुधारली, तर जेट लहान आहे. जड, गुडगुडती चाल आणि काळा धूर असेल तर मोठें आहे. एका वेळीं एकच अंक बदलावा. खात्रीसाठीं पूर्ण भारावर असतांनाच क्लच दाबून इंजिन बंद करावें, गाडी कडेस थांबवावी आणि प्लग पाहावा. जुन्या पुस्तकांत विटकरी-तपकिरी रंग सांगितलेला असतो. तो शिसें घातलेल्या पेट्रोलचा रंग. आपल्याकडे तें पेट्रोल २००० सालीं बंद झालें. आतां रंग फिकाच दिसतो. चिनी मातीच्या अगदीं मुळाशीं काजळीची बारीक रेघ आहे कीं नाहीं तें पाहावें. मुळापर्यंत पांढरें स्वच्छ असेल तर भीति बाळगावी.

त्यानंतर मंद चाल. हवेचा स्क्रू पूर्ण आंत घेऊन दीड फेरा बाहेर काढावा आणि तेथून हळूहळू मागेंपुढें करीत इंजिन जेथें सर्वांत जलद व एकसारखें चालेल तेथें ठेवावा. मग स्लाइडच्या स्क्रूनें चाल उतरवावी. हा स्क्रू आंत घेतला कीं हवा कमी होते व मिश्रण दाट होतें. थ्रॉटल जरासें उघडतांना इंजिन कार्बोरेटरांतून शिंकलें तर स्लाइडचा तिरपा काप जास्त आहे. राहिली मधली चाल, जिच्यांत आपण दिवसाचा बहुतेक प्रवास करतों. ती सुईची. सुईवरची क्लिप एक खांच खालीं घातली म्हणजे सुई वर उचलली जाते व पेट्रोल वाढतें. वर घातली म्हणजे कमी होतें. शेवटीं मंद चाल पुन्हां एकदां पाहावी, कारण प्रत्येकाचा अंमल शेजारच्यावर थोडा पडतोच.

इथेनॉल पाणी ओढून घेतें, हें कोंकणांत विशेष लक्षांत ठेवावयास हवें. पावसाळ्यांत गाडी उभी ठेवावयाची असेल तर वाटी रिकामी करून ठेवावी. न केल्यास तळाशीं पांढरी बुरशीसारखी राख धरते आणि लहान जेट बुजतें. रबराच्या जुन्या नळ्याहि या इंधनानें फुगतात, त्या बदलाव्या.

काढून ठेवलेली हवेची पेटी, सायलेन्सर आणि मूळ कार्बोरेटर मोडींत देऊं नयेत. २०२१ सालीं झालेल्या नियमाप्रमाणें ५० वर्षांहून जुन्या वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद मिळते, पण तें मूळ रूपांत असावें लागतें. सांगाड्यांत किंवा इंजिनांत मोठा फेरबदल झालेला चालत नाहीं. नातवानें केलेली हौस पणतूस पुसून काढतां आली पाहिजे.

माझी गाडी आजहि प्रतापगडाच्या फाट्यापुढें थोडी जडावते. मी थ्रॉटल जरा आवरतों. स्क्रूड्रायव्हर पिशवींत असतो. तो तेथें बाहेर काढीत नाहीं.