सोडलेली दारू टिकते कशी ?

— एक विद्यार्थिनी, एस. वाय. बी. ए.

‘दारू सोडली’ हे वाक्य आमच्याकडे वर्षातून दोनदा हमखास ऐकू येते. एकदा आषाढीला आणि एकदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. कोणी माळ घालतो, कोणी पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. ती शपथ खोटी असते असे मला वाटत नाही. त्या घटकेला माणूस मनापासूनच बोलत असतो. प्रश्न असतो तो संध्याकाळचा. सात वाजले की पाय त्याच वाटेला लागतात आणि ‘आज एकच’ म्हणणारा कोणीतरी भेटतोच. पिण्याला सोबत असते. न पिणारा मात्र एकटा पडतो. ही दुसरी सोबत देणाऱ्या मंडळींविषयी येथे लिहायचे आहे.

१९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन यांची भेट झाली. बिलची दारू सुटून काही महिने झाले होते. पण परक्या शहरात, धंद्यात अपयश आलेले असताना, त्याचे मन पुन्हा दारूकडे ओढ घेऊ लागले. आपल्यासारख्याच दुसऱ्या व्यसनी माणसाशी बोललो तर आपण तरू, असे त्याला वाटले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ उभी राहिली. १० जून १९३५ हा तिचा स्थापनादिन मानतात. भारतात तिचे काम १९५७ पासून सुरू आहे आणि महाराष्ट्रात मराठीतूनही सभा भरतात. ‘ए. ए.’ या नावानेच लोक तिला ओळखतात.

सभेत असते तरी काय ? व्याख्यान नसते, उपदेश नसतो. शाळेच्या खोलीत किंवा एखाद्या सभागृहात तास-दीड तास माणसे बसतात. एकेक जण स्वतःचे पहिले नाव सांगतो आणि आपली हकिकत बोलतो. मध्ये कोणी अडवत नाही. फी नाही, जमलेले सभासदच खुशीने खर्चाला हातभार लावतात. दारू सोडण्याची इच्छा ही एकच अट. ‘जन्मभर पिणार नाही’ असे कोणी वदवून घेत नाही. फक्त आजचा दिवस सांभाळायचा. पाय घसरला तर माणसाला हाकलत नाहीत, तो पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजू लागतो. ईश्वराचा उल्लेख येतो, पण तो ज्याला जसा समजेल तसा. कोणत्याही एका धर्माशी या गटांचा संबंध नाही. काही सभा ‘खुल्या’ असतात. तेथे घरच्यांनाही बसता येते. कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ हे वेगळे गट आहेत. पिणारा तयार नसला तरी त्याची बायको किंवा मुलगी तेथे एकटी जाऊ शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हे मी ऐकीव लिहीत नाही. माझे वडील चौदा महिने दर गुरुवारी एस. टी. ने तालुक्याला सभेला जातात. त्यांना विचारूनच हे लिहिले आहे. गावाचे नाव मात्र मुद्दाम गाळले आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी माझी परीक्षा फी आईने खुरपणीच्या मजुरीतून भरली होती. यंदा वडील स्वतः ऑफिसच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहिले. यापेक्षा मोठा पुरावा मला तरी नको. ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी सांगते : २०२० साली २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत, रुग्णाला अशा गटाशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरल्याचे त्यात दिसले.

दोन गोष्टींची खबरदारी मात्र घ्यावी. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता दारू एकदम तोडू नये. दोन-चार दिवसांत हातपाय कापणे, फिट येणे, भास होणे असे प्रकार होऊन जीवही जाऊ शकतो. अशा वेळी आधी दवाखाना, मग गट. दुसरे म्हणजे, ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींतील पुड्या जेवणात मिसळू नयेत. दारूबरोबर त्रास देणारे औषध नकळत पोटात गेले आणि वर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो.

आता गट शोधायचा कसा ? १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा फुकट फोन आहे. तेथे जवळच्या केंद्राची चौकशी करावी. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारावे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांकडेही अशी माहिती मिळू शकते. पहिल्या सभेला घरच्यांपैकी कोणी सोबत गेले तर उंबरठा ओलांडणे सोपे जाते. एका सभेत मन रमले नाही तर दुसरा गट पाहावा.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या वर्गातही असे कोणी असेल की जे सुट्टी लागली तरी घरी जायला धजत नाही. त्यांना ही माहिती द्या. आणि ‘आमच्या भागात गटच नाही’ असे कोणी म्हणाले तर एवढेच सांगा की, दारू सोडू पाहणारी दोन-तीन माणसे एकत्र बसली की गट होतो. ॲक्रनला तरी सुरुवातीला कितीजण होते ? दोघेच.