आयनांबरातील एफ-३ थर
सूर्याच्या अतिनील किरणांनी विद्युद्भारित झालेल्या आयनांबरात ज्या एफ-२ थराचा अंमल पाठ्यपुस्तके सर्वोच्च मानतात, त्याच्याही वर, चुंबकीय विषुववृत्ताच्या परिसरात, सकाळपासून दुपारपर्यंतच्या अवधीत काही तास आणखी एक थर उभा राहतो, ही मला भूभौतिकीतील अत्यंत रमणीय घटना वाटते. तेथे पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा जवळजवळ क्षितिजसमांतर व उत्तराभिमुख असतात, दिवसा विद्युत्क्षेत्र पूर्वाभिमुख असते, आणि या परस्परलंब क्षेत्रांच्या संयुक्त प्रभावाने प्लाझ्मा ऊर्ध्व दिशेने वाहू लागतो. उत्तर-दक्षिण वाऱ्यांचे साहाय्य लाभून एफ-२चा माथा असा वर उचलला जात असतानाच खाली सूर्यप्रकाश नवा प्लाझ्मा निर्माण करीत राहतो व नवा एफ-२ थर आकारास येतो; वर गेलेला तोच एफ-३. बालन आणि बेली यांनी गणिती प्रतिमानावरून १९९५ साली या थराचे भाकीत केले, आणि ब्राझीलमधील फोर्तालेझा येथील निरीक्षणांत त्याचा दाखलाही मिळाला.

जमिनीवरून रेडिओ-स्पंद पाठविणाऱ्या आयनोसोंडला मात्र हा थर, त्याची घनता एफ-२हून अधिक असेपर्यंतच दिसतो. तो विरळ झाल्यावर खालचा थर त्याला झाकतो, आणि मग त्याचा शोध उपग्रहावरून, वरच्या बाजूनेच घ्यावा लागतो.