स्वयंपाक आपला, आचारी मात्र नको

जपानी भाषेत ‘जिसुई’ म्हणजे आपला स्वयंपाक आपणच करणे. घरच्या पुस्तकाची बांधणी कापून, सुटी झालेली पाने स्कॅनरमधून काढून त्याची संगणकीय प्रत तयार करण्याच्या खटाटोपालाही तेथे हेच नाव पडले. २०१० साली आयपॅड बाजारात आल्यावर त्याला बहर आला. यामागे हौसेइतकीच निकडही होती. लहान घरांत कपाटांना जागा नाही आणि अनेक पुस्तकांची अधिकृत संगणकीय आवृत्ती मिळत नाही, अशा कोंडीत वाचक सापडला होता.

लवकरच पुस्तकामागे सुमारे १०० येन घेऊन हे काम करून देणारे व्यावसायिक पुढे आले. त्यांच्याविरुद्ध हिगाशिनो केइगो, असादा जिरो आदी लेखक न्यायालयात गेले. २०१३ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने आणि २०१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने लेखकांच्या बाजूने कौल दिला. खासगी वापरासाठी प्रत करण्याची मुभा वाचकाला आहे. मोबदला घेऊन ती करून देणाऱ्याला नाही.

श्रमविभागणीचे तत्त्व मानणाऱ्यास हा निवाडा चमत्कारिक वाटेल. दळण गिरणीत देणाऱ्याला कोणी जात्यावर बसवीत नाही. परंतु एका पायलीच्या दळणातून हजार पायल्या पीठ निघत नाही; संगणकीय प्रतीच्या मात्र हजार प्रती क्षणात निघतात. लेखकांची भीती निराधार नव्हती. तथापि, मनाईने गरज संपत नाही. रास्त दरात अधिकृत प्रत मिळाली, तर स्वतःच्या पुस्तकावर सुरी चालविण्याची पाळी वाचकावर कशाला येईल?