तासांची वही आणि खाडीची नोंद

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला एक कार्यदैनंदिनी ठेवावी लागते. कुठे गेलो, काय केले, किती तास केले हे लिहायचे आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही घ्यायची. वर्षाचा हिशेब १२० तासांचा: २० तास ओळख आणि मार्गदर्शन, ३० तास कॉलेजच्या आवारात आणि ७० तास वस्तीत किंवा गावात. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे एक निवासी शिबिर पुरे केले की प्रमाणपत्र मिळते.

मुंबई विद्यापीठ आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यासाठी वर्गाबाहेर काय करते, हे समजून घ्यायला या साध्या वहीइतके चांगले साधन नाही. योजनेचे बळ या वहीत आहे आणि दुखणेही. मुलाने किती वेळ दिला ते ती चोख सांगते. जिथे तो वेळ दिला, त्या जागेचे पुढे काय झाले यासाठी मात्र तिच्यात रकानाच नाही.

गाडीमागून आलेली विद्या

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली गाडी ठाण्याला पोचली आणि पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. विद्यापीठ त्यानंतरचे, १८ जुलै १८५७ चे. तेही सुरुवातीला परीक्षा घेऊन पदव्या देणारे. शिकवण्याचे काम कॉलेजांकडे. उंबरठ्याबाहेर जाऊन लोकांत मिसळणे हे त्याच्या कल्पनेतही नव्हते.

ठाणे-कल्याण पट्ट्यात कॉलेजे उभी राहायला शंभराहून अधिक वर्षे गेली. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचे कला-वाणिज्य महाविद्यालय, म्हणजे आजचे जोशी-बेडेकर, १९६९ मध्ये सुरू झाले. कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ चे आणि ठाण्याच्या खाडीकाठचे बांदोडकर विज्ञान महाविद्यालय १९७६ चे. योगायोग असा, की १९६९ च्याच २४ सप्टेंबरला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. म्हणजे ठाण्याचे कॉलेज आणि ही योजना एका वर्षाची भावंडे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्ये अध्यापन आणि संशोधन यांच्या पंगतीला ‘विस्तार’ बसवला. पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला आणि विद्यापीठांतून प्रौढ शिक्षणाचे विभाग दिसू लागले. मुंबई विद्यापीठातला आजचा आजीवन अध्ययन व विस्तार विभाग याच परंपरेतला. स्त्रियांच्या स्थितीचे सर्वेक्षण, लोकसंख्या शिक्षण, करिअर प्रकल्प, उद्योगांची ओळख, अन्नपूर्णा योजना ही त्याची कामे. अन्नपूर्णेत मुले खाद्यपदार्थांचे स्टॉल लावतात आणि वडापावाबरोबर नफ्या-तोट्याचे गणित शिकतात. विभागाच्या ‘उडान’ महोत्सवात पथनाट्ये आणि भित्तिपत्रके होतात. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमाने या कामासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद केली.

कागदावर एवढे सगळे आहे. मुलांच्या तोंडी मात्र बरीच वर्षे एकच गोष्ट राहिली: ‘दहा मार्क मिळतात.’ सेवा योजना आणि विस्तारकार्य करणाऱ्यांना मिळणाऱ्या वाढीव गुणांबद्दल हे बोलणे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून कॉलेज, क्लास आणि अर्धवेळ नोकरी सांभाळणाऱ्या मुलाने १२० तास काढायचे, तर बदल्यात काहीतरी पदरात पडायलाच हवे. प्रश्न एवढाच, की गावाच्या आणि वस्तीच्या पदरात काय पडते?

नळाकडून धरणाकडे

शिबिरांचा हक्काचा मुलूख म्हणजे शहापूर आणि मुरबाड तालुके. शहापुरात १८९२ चे तानसा आहे आणि भातसा आहे. त्यांचे पाणी जलवाहिन्यांतून महानगराकडे धावते. कल्याण-डोंबिवलीची तहान उल्हास नदीतून उचललेल्या पाण्यावर भागते आणि त्या नदीला बदलापूरजवळच्या बारवी धरणाचा आधार असतो. उन्हाळ्यात शहापूरचेच पाडे टँकरची वाट बघत असतात. शहरातला मुलगा शिबिराला निघतो तेव्हा तो आपल्या नळाच्या पाण्याच्या उलट दिशेने प्रवास करतो. हा धडा कुठल्याही बौद्धिकापेक्षा मोठा आहे.

शिबिरातले ओळखीचे श्रमदान म्हणजे वनराई बंधारा. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेने हा शब्द घरोघरी नेला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडे शिवायची आणि नाल्यात आडव्या रचायच्या. पाणी थबकते, जमिनीत मुरते, आसपासच्या विहिरींना थोडा दम येतो. पण याला वेळ साधावी लागते. पाऊस ओसरल्यावर नाला वाहता असतानाच बांध घातला तर पाणी अडते. शिबिराची तारीख परीक्षेच्या वेळापत्रकावर ठरते आणि परीक्षा नाल्याला विचारून होत नाहीत. उशीर झाला तर कोरड्या पात्रात गोण्यांची भिंत तेवढी उभी राहते.

शिवाय पुढच्या पावसात गोण्या वाहून जातात. म्हणजे बंधारा दरवर्षी नव्याने घालायचा असतो. योजनेतल्या ‘दत्तक गाव’ या शब्दाला अर्थ येतो तो इथे. दत्तक घेतलेल्या लेकराला सात दिवस सांभाळून कुणी परत पाठवत नाही. एखाद्या तुकडीने त्याच नाल्यावर पाच वर्षे काम केले, विहिरीची पातळी दरवर्षी त्याच महिन्यात मोजून लिहिली, तर सहाव्या वर्षी गाव आणि कॉलेज दोघांकडेही सांगण्यासारखे काही असेल. दरवर्षी नवे गाव निवडले, तर फोटो तेवढे नवे येतील.

शहरातही तेच. विसर्जनाच्या रात्री तलावकाठी आणि खाडीच्या घाटांवर टी-शर्ट घातलेली मुले-मुली निर्माल्य वेगळे करतात, त्याचे पुढे खत होते. हे काम खरे आहे, कष्टाचे आहे. पण किती निर्माल्य आले, त्यात प्लास्टिक आणि थर्माकोल किती, कुठल्या घाटावर ते वाढले आणि कुठल्या घाटावर घटले, हे सलग दहा वर्षे लिहिले गेले, तर त्याच कष्टातून पालिकेला उपयोगी पडेल असा दस्तऐवज तयार होईल.

चिखल मोजणारे

असे घडू शकते, याचे उदाहरण ठाण्यातच आहे. बांदोडकर महाविद्यालयाच्या शेजारी ठाण्याची खाडी आहे. तिथल्या प्राणिशास्त्राच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी तिलाच प्रयोगशाळा केले. पाण्यातला प्राणवायू, क्षारता, तळाच्या चिखलातले कृमी, काठची खारफुटी यांचे अभ्यास प्रसिद्ध होत गेले. २००२ मध्ये ठाण्यात खाड्या, नदीमुखे आणि खारफुटी यांवर राष्ट्रीय चर्चासत्र झाले. रोहित पक्ष्यांमुळे खाडीचे कौतुक सुरू झाले ते नंतर. २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, २०२२ मध्ये रामसर यादीत नाव आले. लोक गुलाबी पंख बघायला आले, त्याआधी कुणीतरी चिखल मोजत होते. आज खाडी सुधारली की बिघडली हे बोलायचे, तर तुलनेला जुना आकडा लागतो, आणि तो असल्या चिवट कामातूनच मिळतो.

विद्यापीठीय मराठीत एक सुंदर शब्द आहे: बहिःशाल. शाळेच्या भिंतीबाहेरचे. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल अध्ययन केंद्राने गेल्या दशकात साष्टी बेटाचे पुरातत्त्वीय सर्वेक्षण हाती घेतले. पुरातत्त्वाचा छंद जोपासणारी माणसे गल्लीबोळांत फिरून गद्धेगाळ आणि वीरगळ हे जुने कोरीव दगड, जुन्या मूर्ती नोंदवू लागली. देवळाच्या पारावर शेंदूर लागलेला दगड शिलाहारकालीन दानाची साक्ष निघाला, तर तो कुणी हलवण्याआधी निदान कागदावर यायला हवा.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या पदवी आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि सामुदायिक सहभाग यांना श्रेयांक आहेत. वाढीव गुणांची ही कामे आता अभ्यासक्रमाच्या ताटात आली. ठाणे महापालिका हद्दीची २०११ ची लोकसंख्या १८ लाखांच्या वर होती, कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांच्या वर. एवढ्या वस्तीत दरवर्षी हजारो मुले वही घेऊन बाहेर पडणार असतील, तर त्या वहीत एक रकाना वाढवायला फार खर्च येणार नाही: ‘मागच्या वर्षी इथे काय होते?’

तो भरायचा तर मागच्या वर्षीची वही शोधावी लागेल. आणि तिच्यासाठी कॉलेजात एक कपाट लागेल.