दोन तारा, दोन आवाज

फोन-इन कार्यक्रमात निवेदकाचा आवाज स्वच्छ येतो आणि फोन करणाऱ्या श्रोत्याचा मात्र विहिरीतून आल्यासारखा. आता असे कार्यक्रम इंटरनेटवरून, चांगले हेडफोन लावून ऐकले जातात, त्यामुळे हा फरक अधिकच खटकतो. मग वेबवर जाणाऱ्या प्रवाहाचा बिटरेट वाढवला जातो. तो खर्च वाया जातो, कारण आवाज बिघडतो तो खूप आधी, फोनची लाइन मिक्सरला मिळते तिथे.

जुन्या टेलिफोनला घरापर्यंत दोनच तारा येतात. बोलणाऱ्याचा आणि समोरच्याचा, दोन्ही आवाज त्याच जोडीवरून एकाच वेळी वाहतात. घरगुती बोलण्याला एवढे पुरते. स्टुडिओत ही लाइन सरळ मिक्सरला जोडली, तर श्रोत्याच्या आवाजाबरोबर निवेदकाचाच आवाज बदललेल्या रूपात परत येतो. तो मूळ आवाजात मिसळला की निवेदक पोकळ ऐकू येतो. पातळी थोडी वाढवली की लाइन शिट्टी मारू लागते.

हे दोन आवाज वेगळे करणारे उपकरण म्हणजे हायब्रिड. जुन्या हायब्रिडमध्ये ट्रान्सफॉर्मर असे आणि लाइनच्या विद्युत गुणधर्मांची नक्कल करणारे रोधक व धारित्र. नक्कल जुळली तर निवेदकाचा परतीचा आवाज रद्द होई. पण प्रत्येक लाइनची लांबी वेगळी, तार वेगळी. एका कॉलला नेमके बसलेले जुळवणे पुढच्या कॉलला फसे.

उत्तर आले ते उपग्रहामार्फत होणाऱ्या कॉलच्या अभ्यासातून. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहातून बोलताना स्वतःचा प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाने कानावर आदळतो आणि बोलणेच अडखळते. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले मनमोहन सोंधी तेव्हा अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये होते. १९६७ साली त्यांनी स्वतःला जुळवून घेणाऱ्या प्रतिध्वनी-निवारकावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. या यंत्रणेतला फिल्टर लाइनवर काय पाठवले ते पाहतो, त्यातले किती आणि कसे परतेल याचा अंदाज बांधतो आणि तेवढे वजा करतो. वजाबाकीनंतर जे उरते, त्यावरून पुढचा अंदाज सुधारतो. हे सारे कॉल चालू असतानाच होते.

हे तंत्र रेडिओच्या टेबलावर आणले स्टीव्ह चर्च यांनी. ते स्वतः टॉक शो करत आणि अभियांत्रिकीही जाणत. श्रोत्यांच्या आवाजाचे हाल त्यांना रोज ऐकावे लागत. १९८५ मध्ये क्लीव्हलँडला त्यांनी टेलॉस ही कंपनी काढली, ती डिजिटल हायब्रिडच्या जोरावर. फोनवरचा सामान्य माणूस नीट ऐकू यावा यासाठी इतकी बुद्धी कुणी खर्च केली, याचे मोल फार मोठे आहे.

एक काम हायब्रिड करत नाही. श्रोत्याला कार्यक्रमातले सगळे ऐकू जायला हवे, फक्त त्याचा स्वतःचा आवाज वगळून. मिक्सरवरच्या या वेगळ्या जोडणीला ‘मिक्स-मायनस’ म्हणतात. वेबवर तिचे महत्त्व वाढते. संवाद सहज व्हायचा तर एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. एचएलएस पद्धतीचा वेब-प्रवाह मात्र सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत जातो आणि प्लेअर काही तुकडे साठवूनच वाजवू लागतो. घरातला श्रोता कार्यक्रम सहज पंधरा-वीस सेकंद मागे ऐकत असतो. म्हणून फोन करणाऱ्याला आवाज मिक्सरमधूनच द्यावा लागतो आणि घरातला प्रवाह बंद करायला सांगावे लागते.

राहिला आवाजाचा पोत. पारंपरिक टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे नेतो. सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट. ‘स’ या वर्णाची बरीच ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते, म्हणून आडनाव सणस की फणसे हे फोनवर पुन्हा विचारावे लागते. तारेवर गळलेला हा भाग पुढचा कोणताही बिटरेट परत आणत नाही. व्होल्टीईवरचा, म्हणजे मोबाइलच्या ४जी जाळ्यावरचा, एचडी कॉल ७००० हर्ट्झपर्यंत जातो, पण वाटेत जुने जाळे लागले की पुन्हा आक्रसतो.

ब्राउझरमधून येणारा श्रोता ही तार टाळू शकतो. तिथे २०१२ मध्ये मानक ठरलेला ऑपस कोडेक असतो, तो मनुष्याच्या कानाला ऐकू येणारा जवळपास पूर्ण पट्टा पेलतो. दोन तारांचा प्रश्नही तिथे नाही. मात्र श्रोत्याने लॅपटॉपचा स्पीकर चालू ठेवला, तर निवेदकाचा आवाज खोलीतून मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि तो वजा करायला सोंधींच्याच वाटेने जाणारा फिल्टर ब्राउझरमध्ये चालवावा लागतो.